जिवाणू खत रानाला की तरूला?

शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे: "उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) मोडून एक एकर टोमॅटो आणि अर्धा एकर मिरची करतोय. गेल्या वर्षी लावणीनंतर महिन्याभराने ठिबकमधून अ‍ॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी ही जिवाणू खतं (एक हवेतला नत्र धरणारं, दुसरं स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवणारं) सोडली, काहीच फरक दिसला नाही. शेजारी मात्र सांगतो की त्याची रोपं जिवाणूंमुळेच जोमात आली. खरं काय? आणि पैसे घालायचेच तर कधी घालू?"

तुमचंही खरं असेल आणि शेजाऱ्याचंही. हे जिवाणू रोपाच्या मुळाशी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोचले तर त्यांचं काम डोळ्यांना दिसतं. महिन्याभराच्या, रानात रुजलेल्या झाडाला सोडले तर बहुतेक वेळा दिसत नाही. मी हातकणंगले भागात भाजीपाल्याची रोपवाटिका चालवतो, आणि माझं ठाम मत आहे की भाजीपाल्यात जिवाणूंवरचा खर्च तरूवर (म्हणजे लावणीआधीच्या, रोपवाटिकेतल्या लहान रोपांवर) करावा, रानावर नाही. का, ते सविस्तर सांगतो. कारण समजलं की दुकानात गेल्यावर काय घ्यायचं नाही हेही कळतं.

बी रुजलं की त्याचं पहिलं मूळ नुसतं पाणी ओढत बसत नाही. ते साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं असं बरंच काही मातीत सोडत असतं. त्या खाण्यावर जिवाणू गोळा होतात. मुळाला लागून असलेल्या या काही मिलिमीटर मातीचं महत्त्व जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली मांडलं. बाकीच्या रानापेक्षा या पट्ट्यात जिवाणूंची दाटी कितीतरी पट जास्त असते. पेशींच्या सांध्यात आणि जिथून उपमुळं फुटतात त्या चिरांत खाणं जास्त मिळतं, म्हणून ते तिथं घट्ट बसतात. या जागा मोजक्याच असतात आणि आधी आलेला तिथून सहज हलत नाही. ही अगदी एस. टी. बसमधल्या जागेसारखी गोष्ट आहे: आगारात चढला त्याला खिडकी, वाटेत चढला तो उभा.

तुमच्या रानातल्या चिमूटभर मातीतसुद्धा कोट्यवधी जिवाणू आधीच आहेत. महिन्याभराच्या टोमॅटोच्या मुळावर त्यांनी कधीच ठाण मांडलेलं असतं. त्यात ठिबकमधून बाहेरचे जिवाणू सोडले तर ते ड्रिपरखालच्या वरच्या थरातच मातीच्या कणांना चिकटून राहतात. खाली मुळापर्यंत जातात ते थोडे, आणि त्यांना जागा मिळत नाही. माल चांगला असला तरी वेळ निघून गेलेली असते. तुम्हाला फरक न दिसण्याचं मला तरी हेच मुख्य कारण वाटतं.

आता जिवाणू नेमकं काय देतात ते बघू. इथं सगळ्यात मोठा गैरसमज नत्राचा आहे. अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो हे खरं. १९०१ साली बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं तेव्हापासून हे माहीत आहे. पण नत्र धरायला त्याला भरपूर साखर लागते, आणि चार पानांचं रोप तेवढी साखर कुठून देणार? तरूच्या तीन आठवड्यांत त्याच्याकडून मोजण्याजोगा नत्र मिळतो असं धरून चालू नका. तरीही रोपं वेगळी दिसतात, ती का? इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ साली टोमॅटोवरच हे दाखवलं: अ‍ॅझोटोबॅक्टर लावलेल्या रोपांत जे बदल झाले, तसेच बदल नुसतं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक दिलेल्या रोपांतही झाले. म्हणजे जिवाणू खाऊ घालत नव्हते, ते वाढीची संप्रेरकं तयार करत होते.

या संप्रेरकांत ऑक्झिन महत्त्वाचं. अ‍ॅझोस्पिरिलम, अ‍ॅझोटोबॅक्टर, बॅसिलस, स्युडोमोनास या सगळ्यांतल्या अनेक जाती ते बनवतात. योग्य प्रमाणात मिळालं की उपमुळं लवकर आणि जास्त फुटतात, केसमुळं दाट येतात. प्रमाण वाढलं की उलटं होतं, मुख्य मुळाची लांबी खुंटते. म्हणून "पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट टाकू, जिवाणूच तर आहेत" असं करू नका. रोपवाटिकेत येणारे बरेच जण हे बोलतात आणि दर वेळी मी त्यांना हेच सांगतो.

उपमुळांचा आणि केसमुळांचा फायदा लावणीच्या दिवशी कळतो. ट्रेमधून रोप उपसलं की कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा न फुटता अख्खा येतो, मुळं तुटत नाहीत, रोप रानात माना टाकून कमी दिवस बसतं. दुसरा फायदा स्फुरदाचा. नायट्रेट पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतं, स्फुरद मातीत जवळजवळ जागचा हलत नाही. ज्या कणाला केसमूळ टेकलं तेवढ्यापुरताच तो मिळतो. लहान रोपाची पानं खालून जांभळट दिसतात ती बरेचदा स्फुरद कमी मिळाल्यामुळे. थंडीत हे जास्त दिसतं, कारण गार मातीत मुळंही मंद आणि जिवाणूही मंद. या जिवाणूंना साधारण २५ ते ३० अंश तापमान मानवतं.

इथं पीएसबीविषयी सरळ बोलतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू ग्लुकोनिक आम्लासारखी आम्लं सोडतात आणि चुन्याला बांधलेला स्फुरद मोकळा करतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत हे सुंदर दिसतं, जिवाणूच्या ठिपक्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काळ्या रानांत चुनखडी इतकी असते की ती सुटलेलं आम्ल लगेच मारून टाकते. पश्चिमेला राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत स्फुरद लोहाला आणि अ‍ॅल्युमिनियमला जखडलेला असतो, तिथं नुसत्या आम्लाने फारसं भागत नाही. त्यामुळे पीएसबी वापरा, पण त्याच्या भरवशावर डीएपीचं (स्फुरद देणाऱ्या रासायनिक खताचं) पोतं कमी करू नका. पोतं कमी करायचं की नाही ते माती परीक्षणातल्या उपलब्ध स्फुरदाच्या आकड्यावर ठरवा. वर्षानुवर्षं उसाला डीएपी पडलेल्या रानात तो आकडा बऱ्याचदा आधीच वर असतो. तिथं पोतं कमी करता येतं, ते त्या साठ्यामुळे.

रोपवाटिकेत मला जिवाणूंची खरी किंमत कळते ती जून ते सप्टेंबरमध्ये. झड लागलेली, ऊन नाही, शेडनेटखाली दमट हवा, अशा दिवसांत रोपं जमिनीलगत पाणीदार होऊन कोलमडतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींचं ते काम. बॅसिलस सबटिलिस आणि स्युडोमोनास फ्लुरोसन्स हे दोन जिवाणू इथं तीन तऱ्हांनी आडवे येतात. बुरशीला मारक अशी द्रव्यं सोडतात. मातीतलं लोह पकडून ठेवणारे रेणू सोडून बुरशीला लोहावाचून उपाशी ठेवतात. आणि मुळावर बसून झाडाची स्वतःची प्रतिकाराची तयारी जागी करतात, इतकी की मुळाशी दिलेल्या जिवाणूचा फायदा कधीकधी पानावरच्या रोगातही दिसतो. मात्र हे सगळं रोग येण्याआधीचं. कोलमडायला लागलेला ट्रे जिवाणू ओतून वाचत नाही. तो उचलून बाजूला काढा, पाणी कमी करा, ट्रे जमिनीवरून उचलून मांडवावर घ्या. गादीवाफ्यावर तरू टाकत असाल तर एप्रिल-मेच्या उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून ठेवा. माती तापून बुरशी बरीच कमी होते आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत नंतर दिलेले चांगले जिवाणू लवकर बसतात.

तुमच्या शिरोळच्या बाजूला क्षाराचा प्रश्न आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट. खारं पाणी किंवा ताण बसला की रोपात इथिलीन वायू जास्त तयार होतो आणि मुळांची वाढ आखडते. काही जिवाणूंकडे असं विकर असतं, जे इथिलीन ज्यापासून बनतं तो पदार्थच तोडून खातं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या टोमॅटोवरच्या कामात इस्राएलच्या अरावा या कोरड्या, खाऱ्या पट्ट्यातला असा जिवाणू रोपांना दिला, तेव्हा खाऱ्या पाण्यातही ती न दिलेल्या रोपांपेक्षा चांगली वाढली. पण आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या पाकिटावर हा गुण लिहिलेला नसतो, आणि चोपण (क्षाराने बिघडून घट्ट) झालेलं रान जिवाणूंनी सुधारत नाही. त्याला निचऱ्याची चर, जिप्सम आणि सेंद्रिय खत हाच रस्ता. निदान तरूला तरी बोअरचं खारं पाणी घालू नका.

आता करायचं कसं. शिफारस पुस्तकात असते ती बियाण्याची: भुकटीचं जिवाणू खत किलोला २५ ग्रॅम, गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. भेंडी, गवार, घेवडा, काकडी अशा थेट पेरायच्या बियाण्याला हे उत्तम. आपल्याकडे गुळाला काय तोटा, पण उकळलेलं गुळाचं पाणी पूर्ण गार होऊ द्या, कोमट पाण्यातही घाई नको. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. टोमॅटो, मिरचीचं संकरित बी मात्र दहा ग्रॅमच्या पाकिटात, लाल-निळ्या बुरशीनाशकात घोळूनच येतं. टोमॅटोच्या ग्रॅमला तीनशेच्या आसपास बिया, एकेक बी मोलाची. त्याला चोळाचोळ करू नका. जिवाणू कोकोपीटमध्ये द्या.

कोकोपीटमध्ये मातीइतके आधीचे जिवाणू नसतात, म्हणून तिथं आपल्या जिवाणूंना मोकळी जागा मिळते. ट्रेमधली रोपं मातीतल्यापेक्षा जास्त उत्तर देतात याचं कारण हेच. मी कोकोपीट आधी धुऊन क्षार काढतो, ट्रे भरतो, बी टोचतो. उगवण झाली, दोन दलं उघडली की लिटरला पाच मिली द्रवरूप जिवाणू घेऊन झारीने हलकं पाणी देतो. पुन्हा एकदा पहिलं खरं पान मोठं झाल्यावर. एवढंच, आणि तेही संध्याकाळी. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा, त्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. द्रावण केलं की त्याच दिवशी संपवा.

टोमॅटोचं रोप २१ ते २५ दिवसांत, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतं. लावणीच्या दिवशी ट्रेचा गड्डाच पाचेक मिनिटं जिवाणूच्या पाण्यात टेकवून भिजवा. वाफ्यातली उघड्या मुळांची रोपं असतील तर १५ ते ३० मिनिटं मुळं बुडवा आणि थेट सरीत न्या. ट्रेमधल्या आणि लावणीच्या या वेळा साधल्या की तुमच्यासारख्याने ठिबकमधून वर काही सोडायची गरज मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते यानंतर. रोपं लावली की दोन-तीन दिवसांत अनेक जण सवयीने कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे त्याचं पाणी मुळाशी ओततात. तांबं जिवाणूंना मारतंच. जिवाणूजन्य करप्यासाठी अँटिबायोटिक औषधं मारली तीही तसंच करतात. जिवाणू आणि तांबं यांच्यात निदान आठवड्याचं अंतर ठेवा, आणि तांब्याची आळवणी अटळच असेल तर जिवाणूंवर पैसे घालू नका. पिथियमसाठी मेटॅलॅक्सिल हे बुरशीनाशक द्यावं लागलं तर ते जिवाणूंना तितकं मारक नाही.

तुम्ही खोडवा मोडताय, म्हणून पाचटाचं (उसाच्या वाळलेल्या पाल्याचं) सांगायलाच हवं. पाचट जाळू नका हे तर खरंच, पण गाडल्या गाडल्या त्यावर भाजीची लावणही करू नका. पाचटात कार्बन भरपूर, नत्र नगण्य. ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि तुमची रोपं पिवळी पडून बसतात. म्हणजे जिवाणू सुरुवातीची वाढ मारूही शकतात, तेही चांगले जिवाणूच. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं संवर्धक टाकून, ओल ठेवून ते कुजू द्या. हातात घेतल्यावर काडी चुरगळायला लागली की मग सरी सोडा. पुढे वर्षभर हेच रान तुमच्या जिवाणूंना खाऊ घालणार आहे. सेंद्रिय कर्ब नसलेल्या रानात बाहेरून आणलेले जिवाणू उपाशी मरतात, हे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं.

तुमचं रान पुराच्या पट्ट्यात असेल तर २०१९ आणि २०२१ सारख्या पुरानंतर रान आठ-आठ दिवस पाण्याखाली राहिल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. मातीतला प्राणवायू संपतो, नायट्रेट वायू होऊन उडून जातं, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात. पण वाफसा आला, थोडं शेणखत पडलं की ते आपोआप वाढतात. त्यांच्यासाठी खास काही विकत घ्यायला नको. रान ओलं असताना औत घालून माती दाबू नका, एवढं पुरे.

खरेदी करताना पाकिटावरची अंतिम तारीख आणि जिवाणूंची संख्या बघा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीत ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. दुकानात बाटली पत्र्याखाली उन्हात मांडलेली दिसली तर घेऊ नका. अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्युडोमोनास नाजूक आहेत, उष्णतेत लवकर मरतात. बॅसिलस बीजाणू करून तग धरतो, म्हणून एकच काही घ्यायचं झालं तर आपल्या उन्हाळ्याच्या हवेला मी बॅसिलस निवडेन. कृषी विद्यापीठात किंवा कृषी महाविद्यालयात तयार झालेलं ताजं संवर्धन मिळालं तर त्याला पहिली पसंती द्या.

जीवामृताविषयी (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांच्या आंबवलेल्या पाण्याविषयी) बरेच जण विचारतात. रानाला जरूर द्या. ट्रेमध्ये मात्र नको, त्यात कुठले जिवाणू किती ते आपल्याला ठाऊक नसतं आणि गूळ-बेसनाच्या खाण्यावर नको ती बुरशीही पोसते. कोथिंबीर, मेथीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्यावर तर ते शिंपडूच नका.

याच ओघात पिकांच्या दोन गटांचं. कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, बीट यांच्या मुळांशी मायकोरायझा बुरशी जमत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी तिचं पाकीट घेणं म्हणजे पैसे वाया. जिवाणू मात्र त्यांना चालतात. आणि घेवडा, मटार, चवळी, मेथीला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारा जिवाणू) त्या त्या पिकाचंच लागतं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. त्यांच्याही गाठी बनेपर्यंत पहिले दोन-तीन आठवडे रोपाला नत्र मातीतूनच हवा असतो, म्हणून पेरताना थोडा नत्र द्या, पण युरियाचा मारा करू नका, गाठीच धरत नाहीत. गाठ फोडून आत गुलाबी दिसली तर ती काम करतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

शेजाऱ्याचं किंवा माझं ऐकून सगळ्या ट्रेंना जिवाणू देऊ नका. एकाच पाकिटाचं बी दोन-दोन ट्रेमध्ये घाला. दोन ट्रेंना जिवाणू द्या, दोनांना तेवढंच साधं पाणी. ट्रे एकमेकांना चिकटवू नका, एकाचं पाणी निथळून दुसऱ्यात गेलं तर जिवाणूही जातात. उगवण मोजा, कोलमडलेली रोपं मोजा. विसाव्या दिवशी दोन्हीकडची दहा-दहा रोपं न निवडता उपसा, बादलीत मुळं हलक्या हाताने धुवा आणि पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडा. उंचीकडे बघू नका, उंची ओल आणि सावलीनेही वाढते. खोडाची जाडी, उपमुळांची संख्या आणि गड्डा किती घट्ट आला ते बघा. बाकीची रोपं रानात वेगवेगळ्या सरींत खूण करून लावा आणि पहिल्या तोड्यापर्यंत दोन्ही सरींना खतपाणी सारखंच द्या. पहिल्या तोड्याला दोन्हीकडचा माल वेगळा तोला. मुळांतही फरक नसला आणि मालातही, तर पुढच्या हंगामात तो खर्च शेणखताकडे वळवा.